अनोळखी नवरदेवाची पत्रिका

आमच्या केदारनाथरावांना लग्नपत्रिका आली की हातातलं काम सोडून वाचावी लागते. चकलांब्यात आमचं दूध संकलन केंद्र आहे. दूध घालणाऱ्या प्रत्येक घरचं कार्य म्हणजे आपलंच, एकही चुकवायचं नाही, हा त्यांचा नेम. नवऱ्याचं कौतुक मी सहसा करत नाही, पण हे मला आवडतं.

वैशाखातल्या एका सकाळी केंद्राच्या कम्प्युटरवरच्या व्हॉट्सॲपला अनोळखी नंबरवरून पत्रिका आली. नवरदेव कोण, कुठला, काही पत्ता नाही. यांनी उघडली. स्क्रीन काळा झाला आणि इंग्रजीत धमकी उमटली, सगळं कुलूपबंद केलंय, पैसे टाका.

"लग्न कुणाचं हाय तेच कळंना," हे म्हणाले.

"तुमचंच लागलंय," मी म्हणाले.

तेवढ्यात मागचा कूलर बंद पडला. दूध गार ठेवणारी ती टाकी त्याच कम्प्युटरवर चालायची. हाताने चालवायचं बटण यांनीच मोठ्या हौसेने काढून टाकलं होतं. गेवराईचा रामेश्वर आमचा कम्प्युटर बघतो. तो फोनवर म्हणाला, "पैसे देऊ नका. दिले तरी उघडतील याचा काय भरवसा न्हाई. पोलिसात तक्रार करा. मी उद्या सकाळीच येतो."

उद्या! टाकीत अख्ख्या गावाचं दूध आणि बाहेर रणरणतं ऊन. गार नसलेलं दूध टँकर उचलत नाही. ते नासलं असतं तर दूध घालणाऱ्या बायांनी दुसऱ्या डेअरीची वाट धरली असती, आणि का धरू नये? मला खरंच भीती वाटली.

मग मी पदर खोचला आणि शेजारच्या भिवराबाईला हाक मारली. दोन म्हशींवर घर चालवणारी बाई, तिच्या लेकीचं, आरोहीचं लग्न तोंडावर आलेलं.

"भिवराबाई, दूध नासायच्या आत खवा करू. बायांना बोलवा."

"कावून? कूलरला काय झालं?"

"यांनी परक्याची पत्रिका उघडली."

ती पोट धरून हसली. "मंग लग्नाचंच काम हाय म्हना की!"

घराघरातून कढया आल्या. केंद्रासमोरच्या लिंबाखाली चुली पेटल्या. कुणाच्या म्हशीचं दूध कुणाच्या कढईत, कुणी विचारलं नाही. हेही उलथनं घेऊन बसले. घामाघूम झाले, पण खवा जराही लागू दिला नाही. दिवस मावळेपर्यंत टाकी रिकामी झाली आणि गेवराईचा मिठाईवाला खवा घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच रामेश्वरने आधी ते बटण परत बसवलं. कूलर सुरू झाला, तरी यांचं लक्ष रस्त्याकडेच.

"येतील का गं बाया?"

मी मापं धुवायला घेतली.

सगळ्यात आधी भिवराबाई आली. एका हातात दुधाची किटली, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली.

"केदारभाऊ, आरोहीची पत्रिका फोनवर पाठवनार होते. पन तुमी आता उघडायचे न्हाई, म्हनून सोता आले. लग्नाला यायचं बरं का."

तिने यांच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि किटली पुढे केली. तिच्यामागे रस्त्यावर आणखी किटल्या वाजत येत होत्या.

हे अक्षता मुठीत धरून तसेच बसून राहिले. दुधाचं माप मलाच घ्यावं लागलं.