बाकाच्या जागी

मित्रांनो, मी शिंप्याच्या घरातले एक जुने स्टूल आहे. चार पाय आणि वर एक फळी, एवढाच माझा थाट. एक पाय किंचित आखूड, म्हणून त्याखाली कापडाची घडी असते. चाळीस वर्षे मास्तर माझ्यावर बसून शिवत आले. समोर मशीन, बाजूला खिडकी, खाली गल्ली. लोक त्यांच्या शिलाईचे कौतुक करत, तेव्हा त्यात आपलाही थोडा वाटा आहे असे मला वाटे.

गल्लीच्या मधोमध एक बाक होता. खालच्या टोकाला आमचे घर, वरच्या टोकाला एका निवृत्त नर्सबाईंचे. मास्तरांच्या बायकोचे गुडघे झिजलेले, नर्सबाईंचेही तसेच. दोघींना न थांबता बाकापर्यंतच चालता येई. रोज सकाळी दहाला त्या तिथे भेटत. उशीर झाला की नर्सबाई बाकावरूनच ओरडत, "मास्तर, बायकोला घरात टाचून ठेवलीय का?"

"आले गं बाई, चप्पल तर घालू दे."

तासाभराने ती वर येई, आणि तिकडचे सगळे मास्तरांना पुन्हा ऐकावे लागे.

एक दिवस गल्लीतले एक गिऱ्हाईक अर्ज घेऊन आले. "बाक काढला की दोन गाड्या मावतात, मास्तर. तुमचीच सही राहिलीय." मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी मान हलवली आणि सही केली.

आठवड्यात बाक गेला.

"तुम्ही काही बोलला का नाही?" तिने विचारले.

"तोंडात टाचण्या होत्या गं."

"हात बरा मोकळा होता."

दोनदा ती तिथवर गेली. टेकायला म्हणून गाडीवर हात ठेवला तर गाडीच बोंबलू लागली. तशीच परत आली. मग एकदा म्हणाली, "तुमचं स्टूल न्यायचं का खाली? तासाभराचा तर प्रश्न आहे."

"मग मी शिवू कशावर?"

तिने पुन्हा विचारले नाही. मी सगळे ऐकत होते. माझे पाय चार, पण चालणारा एकही नाही.

सुरुवातीला दोघी फोनवर बोलत. मग ती म्हणू लागली, "सांगायला काही नाही गं." दुपार झाली तरी केस विंचरलेले नसत. मास्तर जेवायला उठले की ती माझ्यावर बसून त्या जागेकडे बघत राही. पुढे तेही थांबले. ती भिंतीकडे तोंड करून निजून असे.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो. पण मन खचलंय त्यांचं, माणसांत न्या त्यांना."

मास्तर बाक परत मागायला कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने जुना अर्ज काढून सहीवर बोट ठेवले, "ही तुमचीच ना?" हे त्यांनी घरी येऊन तिला सांगितले. तिने मान वळवली नाही.

थंडीत तिला ताप आला. तापाशी भांडायला तिच्यात काही उरले नव्हते. चौथ्या दिवशी ती गेली.

मशीनवर कापड पडले, शिवण थांबली. मग एका सकाळी दहाला मास्तरांनी मला उचलले, जिना उतरून दोन गाड्यांच्या मध्ये ठेवले, पायाखाली घडी सरकवली आणि शेजारी उभे राहिले. वरच्या टोकाकडून नर्सबाई हळूहळू आल्या आणि माझ्यावर बसल्या.

"तुम्ही बसा की, मास्तर."

"मला नको."

नर्सबाईंनी माझ्या फळीच्या कडेवरून हात फिरवला. मग त्या म्हणाल्या, "हे तेव्हाच आणायचं होतं."

"हो," मास्तर म्हणाले.

आता रोज ते मला खाली नेतात, तासभर उभे राहतात आणि वर आणतात.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतला बाक किंवा कट्टा काढायच्या अर्जावर सही करण्याआधी, तिथे रोज कोण बसते ते जाऊन बघा. आणि घरात कोणी तासाभरासाठी स्टूल मागितले, तर द्या. स्टूल परत येते.