मधली ओल

मुनीमजींनी ट्रॉलीवरचं सगळ्यात वरचं गठोडं उचललं आणि प्रियंकानं ते लगेच ओळखलं. गठोडं हिरव्या लुगड्यात बांधलेलं होतं. लुगडं तिच्या आईचं, दगडाबाईचं, आणि ट्रॉली आबांची, तिच्या वडलांची. इथं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सेलूच्या त्या जिनिंगवर सकाळपासून कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. एवढ्या गाड्यांतून नेमकी हीच नजरेत भरावी! मालकांनी सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं होतं की, परभणीहून आलेल्या या पोरीच्या ओल तपासायच्या यंत्रात ज्याच्या कापसात पाणी दिसेल त्याचं नाव भोंग्यावरून पुकारायचं आणि गाडी फाटकातूनच माघारी लावायची. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे काही कमी नव्हते. पण आबांचं, मुंजाजींचं, नाव आजवर कुणी त्यात घेतलं नव्हतं.

तरी प्रियंकाला राहून राहून ती बादली आठवत होती. सकाळी निघताना ट्रॉलीच्या चाकापाशी पालथी पडलेली, आणि खालची माती ओली. तेव्हा तिनं आबांना काही विचारलं नाही. विचारायची भीतीच वाटली, खरं सांगायचं तर.

"उघडू नका," सिद्धोधन सर मुनीमजींना म्हणाले. "न उघडता दिसतं, तीच तर गंमत आहे."

सर तिचे मार्गदर्शक. परभणीच्या प्रयोगशाळेत तिनं घडवलेल्या दोन फिल्म म्हणजे त्या यंत्राचा जीव. पॉलिमरमध्ये खास रंगद्रव्य मिसळायचं, ते तापवायचं, वर विजेचा जबर दाब द्यायचा, की आतले रेणू एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. मग तसंच गार होऊ द्यायचं. एका फिल्मवर लेसरचा झोत पडला की तिच्यातून टेराहर्ट्झ लहरी निघतात, दुसरी त्या टिपते. लुगडं, कोरडा कापूस या लहरींना अडवत नाहीत. पाणी मात्र त्यांना गिळून टाकतं. कितीतरी फिल्म जळाल्या, तडकल्या, तेव्हा कुठं ही जोडी जमली होती.

तिनं गठोडं दोन्हींच्या मध्ये ठेवलं. पडदा एकट्या तिच्याकडंच तोंड करून होता. गठोड्याच्या कडेतून लहर आरपार गेली, रेघ उंच उठली. जरा सरकवलं, पुन्हा उंच. चला, सुटलो बाई, असं ती मनात म्हणते न म्हणते तोच मधला भाग समोर आला आणि रेघ धाडकन खाली बसली.

पाणी.

आता भोंगा वाजणार. आबा दाराशी टोपी हातात धरून उभे होते. उद्या बाजारात ते कुणाला तोंड दाखवतील? आणि नाव पुकारायला लावणारी कोण, तर पोटची पोर.

"काय गं, मध्यभागी ओल दिसतेय का?" सरांनी विचारलं.

"नाही सर." तिनं पडदा बंद केला. "फिल्म गेली. उन्हात तापली असेल. रेणूंची दिशा बिघडली."

सरांचा चेहरा उतरला. मालक हसले आणि म्हणाले, असली खेळणी परत आणू नका, आमचा आपला हात घालून बघायचा रिवाजच बरा. मुनीमजींनी गठोडं बाजूला सारलं.

तेवढ्यात मुंजाजी पुढं आले.

"सर, मधी म्हणले का तुमी? गठोड्याच्या मधी?"

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली आणि गाठ सोडली. कापूस कोरडा ठणठणीत होता. मधोमध मात्र दहीभाताचा गोळा निघाला, अजून ओलाच.

"सीतादही हाय," ते म्हणाले. "पयला कापूस घराबाहेर निघाला की त्यात दहीभात बांधायचा, ही हिच्या मायच्या माहेरची रीत. लेक हाय माझी ही, मालक. तिचं यंत्र खोटं न्हाई. लय खरं हाय."

हशा पिकला. मालकांनी गोळ्याकडं पाहिलं, यंत्राकडं पाहिलं आणि सरांना चहाला आत बोलावलं. प्रियंका मान खाली घालून तारा गुंडाळत राहिली. लहानपणी दह्याची वाटी धरायचा मान तिचाच असायचा. गठोडं बांधून झालं की आई बादलीतल्या पाण्यानं तिचे चिकट हात धुवायची, आणि उरलेलं पाणी तिथंच ओतायची. हे ती कशी विसरली?

मुंजाजी गठोडं परत बांधत होते.

"फिल्म तर चांगली होती की," ते हळूच म्हणाले. "मंग गेली असं कामून म्हणलीस?"

"भोंग्यावरून तुमचं नाव..." ती एवढंच म्हणाली. गाठ मारता मारता मुंजाजींचे हात मधेच थांबले. मग त्यांनी गाठ आवळली, गठोडं उचललं आणि तिच्याकडं न बघता ट्रॉलीकडं चालायला लागले.