पेरूला बघायला येऊ नये

आमच्या नौपाड्यात कोणाला नुसता ताप आला तरी मी बघायला जाते. बढाई मारत नाही, विचारा कोणालाही. शेजारच्या कांताच्या पित्ताशयातले खडे काढले, तेव्हा शुद्धीवर आल्यावर तिला पहिलं तोंड दिसलं ते माझं. तिच्या नवऱ्याचं नंतर. शहाळं घेऊन जायचं, घटकाभर बसायचं, हेच ऑपरेशन आणखी कोणाकोणाचं झालं होतं आणि ते आता कसे ठणठणीत आहेत ते सांगायचं, ही माझी पद्धत. त्यामुळे आमच्या पेरूचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा सवयीने मी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकून दिलं, 'गुरुवारी पेरूचं ऑपरेशन आहे. सर्वांचे आशीर्वाद असू द्यावेत.' तिथेच माझी अक्कल शेण खायला गेली होती.

पेरू म्हणजे आमचा कुत्रा. फ्रेंच बुलडॉग. माझ्या मुलाने, शौनकने, आणला तेव्हा त्याचं नाव पिएर होतं. मी म्हटलं, असलं नाव घेऊन मी गॅलरीतून हाका मारणार नाही. दीड वर्षाचं पोर, उभे कान, बसकं नाक. माझ्या नणंदेने, जया वन्संनी, त्याला पहिल्यांदा पाहिलं आणि विचारलं, "अगं हेमा, हा दारावर आपटला का गं?"

वन्सं राहतात डोंबिवलीला. आयुष्यभर शाळेत शिकवलं. आवाज असा की मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाची मुलं गप्प बसायची, आणि निवृत्तीनंतर तो कमी करायचं त्यांना कोणी सांगितलंच नाही. सोवळ्याओवळ्याच्या कडक. शौनकच्या वाढदिवसाला अंड्याचा केक आणला तर तो त्यांनी जिन्यात कापायला लावला होता. कुत्र्याला त्यांनी कधी बोटसुद्धा लावलं नाही. आणि या गाढवाचा जीव नेमका त्यांच्यावर! त्यांची 'पेऱ्याऽऽ' अशी हाक आली की हा घरभर धावत सुटायचा, नुसती धूळधाण. मग त्यांच्या पावलांवर बूड टेकून बसायचा. त्या "शी, उठ मेल्या" म्हणायच्या आणि पाय काही हलवायच्या नाहीत.

तर हा पेरू घोरायचा. दुपारी झोपला की मिक्सर लावल्यासारखा आवाज. आम्हाला काय कौतुक! शौनक व्हिडिओ काढायचा, मी ते सगळ्यांना पाठवायची. मग एका सकाळी तलावपाळीवरून परत येताना तो रस्त्यातच बसला. जीभ बाहेर, हिरड्या जांभळ्या. यांनी, म्हणजे श्रीपादांनी, त्याला तसाच उचलून रिक्षात घातला आणि आम्ही बाळकुमला डॉक्टर ऐश्वर्यांकडे गेलो.

ती पोरगी माझ्या शौनकपेक्षा लहान असेल, पण बोलायला सरळ. म्हणाली, "काकू, हे घोरणं नाहीये. हा प्रत्येक श्वासासाठी झगडतोय. नाकपुड्या फार अरुंद आहेत, आणि टाळूचा मागचा भाग लांब आहे, तो घशात लोंबतो." नाकपुड्या मोठ्या करायच्या आणि टाळू आखूड करायची, असं ऑपरेशन. मी त्या रिक्षात घरी येईपर्यंत रडले. इतके दिवस लेकरू गुदमरत होतं आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

ऑपरेशन छान झालं. एक रात्र तिथे ठेवून घेतलं आणि सकाळी घरी सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवलं. "माझं काम झालं, आता तुमचं. घशाला आतून सूज आहे. हा भुंकला, नाचला, धापा टाकायला लागला, तर सूज वाढून श्वासाची वाटच बंद होऊ शकते. दोन आठवडे याला कंटाळा आला पाहिजे. घरात काहीही मजेदार घडता कामा नये."

"मग त्याला माझ्यापाशी बसवू," हे म्हणाले.

आणि खरंच बसवला. हे रोज त्याच्याशेजारी बसून पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचायचे. दुसऱ्या परिच्छेदाला पेरू झोपायचा. शौनक ऑफिसला जाण्याआधी गॅलरीतल्या वेगळ्या कुकरमध्ये त्याचं चिकन-भात मऊ शिजवायचा, मी तिकडे पाठ करून उभी राहायची, आणि मग छोटे छोटे गोळे करून हे त्याला भरवायचे. सगळं कसं सुरळीत.

आणि बेल वाजली.

आता पेरूचं आणि बेलचं कसं आहे, बेल म्हणजे पाहुणा, पाहुणा म्हणजे स्वर्ग. तो टाके विसरून ताडकन उठला. यांनी त्याला वरच्या वर झेलला म्हणून बरं. दारात कांता, हातात शहाळं! "अगं, तू माझ्या वेळी आली होतीस. मी नको यायला?" तिच्या मागे तळमजल्यावरच्या काकू, त्यांच्या हातात बिस्किटांचा पुडा. जन्मभर मी ज्यांना ज्यांना बघायला गेले, ते सगळे आता उलट यायला लागले. माझंच माझ्या अंगलट.

दारातून माणूस परत कसा पाठवायचा, सांगा बरं? माझ्या आईने ते शिकवलंच नाही. मी बेलची वायर काढली आणि दाराबाहेर, जिन्यापाशी, चार खुर्च्या मांडल्या. दारावर कागद लावला, 'पेरूला बघायला येऊ नये. आलात तर बाहेर बसावे. हळू बोलावे.' पेशंट आत, भेटायला येणारे बाहेर, चहा मधल्या मधे. सगळा मजला कुजबुजत बोलत होता. कांता म्हणाली, इतकी शांतता तर तिच्या ऑपरेशनच्या वेळीही नव्हती.

हे सगळं मी वन्संना मात्र कळवलं नाही. त्या ग्रुपवर नाहीत, त्यांना कळणार नाही, असं मी धरून चालले. शौनकने फोनवर सांगून टाकलं होतं ते मला काय माहीत!

ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी शौनक औषध आणायला गेला होता. पेरू माझ्या मांडीवर पेंगत होता. आणि जिन्यातून आवाज आला, "काय गं हेमा, खुर्च्या बाहेर कशाला? लग्न आहे की काय? पेऱ्याऽऽ!"

पेरू माझ्या मांडीवरून सुटला तो थेट दारावर. ओरबाडतोय, भुंकायला बघतोय, आणि भुंकण्याऐवजी आतून नुसती घरघर येतेय. मी त्याला धरला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. हिरड्या बघितल्या. पुन्हा तोच जांभळा रंग. यांनी ओला टॉवेल आणला, पंखा वाढवला, डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाल्या, गार फरशीवर बसवा, शांत करा, लगेच निवळला नाही तर तसेच घेऊन निघा.

शांत कसा करणार? बाहेर वन्सं दार ठोठावत होत्या. "अगं उघड ना! पेऱ्या, मी आल्येय रे! हेमाऽ!" प्रत्येक हाकेला हा माझ्या हातातून उसळत होता.

"वन्सं," मी किंचाळले, "आधी तोंड बंद करा!"

अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं. थोरल्या नणंदेला. बंद दाराआडून.

बाहेर एकदम सामसूम झाली. मी फरशीवर पेरूला घेऊन बसले, ओला टॉवेल त्याच्या पोटाखाली. त्याचे कान दाराकडेच. पण हाक आली नाही. हळूहळू छाती स्थिरावली, हिरड्या गुलाबी झाल्या, आणि त्याने माझ्या मनगटावर हनुवटी टेकली. हे तोपर्यंत भिंतीला धरून उभे होते. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, निम्मं पेरूसाठी आणि निम्मं मी काय बोलून बसले त्यासाठी.

दार उघडलं तर बाहेर कोणी नाही. कडीला एक पिशवी अडकवलेली. आत स्टीलचा नवाकोरा डबा. उघडला, आणि मी खुर्चीवर बसलेच. शिजवलेल्या चिकनचे आणि मऊ भाताचे बोराएवढे गोळे, एकसारखे वळलेले, एकावर एक रचलेले. वन्संनी! ज्यांनी केक जिन्यात कापायला लावला, त्यांनी! शौनकला फोन करून त्यांनी सगळं विचारून घेतलं होतं, किती शिजवायचं, केवढे गोळे. आणि झाकणावर, लग्नामुंजीत देतात त्या भांड्यांवर असतं तसं, नाव कोरून घेतलेलं, 'चि. पेरू यास सप्रेम, जयाआत्या.'

त्यानंतर वन्संनी माझा फोन उचलला नाही. भावाशी बोलायच्या, "पोर कसंय?" विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या. हे म्हणायचे, जाईल राग. मी त्यांना म्हटलं, तुमची बहीण आहे, तुम्हाला ठाऊक आहे तिचा राग कुठे जातो ते. कुठेही जात नाही.

डॉक्टरांनी घसा तपासून "आता मोकळा सोडा" म्हटल्यावर मी दुसऱ्याच दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, गाडी काढायला लावली. डबा घासून, त्यात खोबऱ्याच्या वड्या भरून. रिकामा डबा परत द्यायची आपल्यात पद्धत नाही, आणि मला तेवढंच निमित्त होतं. सबंध रस्ताभर मी माफीची वाक्यं जुळवत होते.

वन्संनी दार उघडलं. माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या कडेवरच्या पेरूकडे बघितलं आणि पदर तोंडावर धरला. तो शेपटीचा तुकडा हलवत अंग वळवळवायला लागला.

"डॉक्टर काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू, की मला ओठांवरून ओळखावं लागलं. वन्संचा असा आवाज मी लग्नापासून कधी ऐकला नव्हता.

"बरा झालाय. वन्सं, मी त्या दिवशी..."

"मग आता हाक मारली तर चालेल?"

"चालेल हो."

त्यांनी पदर खाली केला. "पेऱ्याऽऽऽ!"

मी त्याला खाली सोडला. हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी, परत हॉल, मधे एक स्टूल आडवं. मी श्वास रोखून बघत होते. तो मात्र रोखत नव्हता. आला आणि वन्संच्या पावलांवर बूड टेकून बसला, तोंड मिटून, नाकाने श्वास घेत. ना घरघर, ना शिट्टी. वन्सं खाली वाकल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हो, ठेवला.

"वन्सं," मी रडत म्हटलं, "मला खरंच माफ करा, मी तसं बोलायला..."

"हेमा," त्या पेरूवरून नजर न काढता म्हणाल्या, "आधी तोंड बंद कर. आणि बस, पोहे टाकलेत."