तिसऱ्यांदा पॉझिटिव्ह

नागनाथ आपल्याला चुकवून बाजारात जातो, याबद्दल सुलाबाईच्या मनात आता शंकाच उरली नव्हती.

मागं तिनं स्वतःची एक किडनी नवऱ्याला दिली होती. ती अंगानं झिडकारू नये म्हणून त्याला जन्मभराच्या गोळ्या होत्या. त्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून गर्दीत जायला बंदी. लशीचे सगळे डोस झाले होते, तरी उन्हाळ्यात त्याला कोरोना झाला. ताप उतरला, पण खोकला हटेना. परभणीला तपासावं तर दर वेळी पॉझिटिव्ह. गावात एव्हाना कोरोनाचं नावही कुणी काढत नव्हतं, मग ह्यालाच कुठून चिकटावा? ताडकळसच्या बाजारात शेळ्यांच्या सौद्यात तोंड घातल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, हे तिला ठाऊक होतं. त्यात शेजारच्या केशरबाईनं भर घातली, "बाजारात दिसले मला. तोंडाला रुमाल होता बाई, पन चाल नागनाथभाऊचीच."

तेव्हापासून सुलाबाई त्याच्या सदऱ्याला बोकडाचा वास येतो का बघू लागली.

"अवो, खरं सांगा. बाजारात गेल्ते का न्हाई?"

"खोकून खोकून बरगड्या दुखायल्यात, अन बाजारात कवा जाऊ?"

"मग दर बारीला नवा कोरोना घरी चालत यायलाय का?"

तो भिंतीकडं तोंड करून पडला. दोघांचं बोलणं बंद झालं.

पुढच्या खेपेला परभणीच्या डॉक्टर भक्तीनं दोघांना समोर बसवलं. तिनं नागनाथचे नमुने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले होते.

"मावशी, काकांना पुन्हा पुन्हा झालेला नाही. उन्हाळ्यातलाच विषाणू अजून अंगात आहे. फक्त बदललाय."

"बदललाय म्हंजी?"

"लशीनं अंगात अँटिबॉडी तयार होतात. त्या विषाणूला त्याच्या अंगावरच्या काट्यांवरून ओळखून धरतात. ह्याच्या काट्यांची ठेवणच बदलत गेली, आता तो त्यांच्या हाती लागत नाही. इतरांच्या अंगात मग टी-पेशी कामाला येतात. विषाणू ज्या पेशीत शिरला, ती पेशीच त्या मारून टाकतात. त्यांना चकवणं अवघड. पण काकांच्या टी-पेशी आपणच गोळ्यांनी दाबून ठेवल्यात. तुमची किडनी टिकावी म्हणून."

सुलाबाईचा हात आपसूक कमरेवरच्या व्रणाकडं गेला.

"एक गोळी जरा कमी करू," डॉक्टर म्हणाली, "आणि विषाणूवरचं औषध सलाईनमधून देऊ."

"अन किडनी?"

"थोडा धोका आहे. रोज तपासत राहू."

सुलाबाईचा संशय आता डॉक्टरकडं वळला. "तुमाला ह्यायच्या जिवापरीस नमुनाच पायजे. म्हनून दर बारीला नाकात काडी घालायलाव."

"नमुना हवाच आहे. विषाणू कुठं बदलला ते कळलं तर पुढच्या लशीला उपयोग होतो. पण तुम्ही नाही म्हणालात, तरी औषध मिळेल."

"करा कमी," नागनाथ मधेच बोलला.

"असं कसं करा? किडनी माझी हाय ती!"

"तुझी हाय म्हनूनच तुझ्याकडं बघायलोय."

ती डॉक्टरकडं वळली. मग म्हणाली, "करा."

"आणि काका, बरे होईपर्यंत लोकांत जायचं नाही. हा बदललेला विषाणू दुसऱ्या कुणाला लागायला नको."

नागनाथनं मान खाली घातली. "एकदा गेल्तो. लांबच उभा होतो."

इतके दिवस बाजारातून त्यानं काय आणलं, याचाच माग सुलाबाई काढत होती. त्यानं बाजाराला काय दिलं असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याला दाखल करून पुढच्या बाजारी ती स्वतः ताडकळसला गेली आणि एकेका शेळीवाल्याला खोकल्याचं विचारत फिरली. कुणाला काही नव्हतं. शेवटी नागनाथचा जुना दोस्त दत्तराव भेटला.

"आमचे ह्ये एकदा आल्ते म्हनं इथं?"

"एकदा?" दत्तराव हसला. "वैनी, दर बाजारी माझ्याजवळच बसायचे की." आणि खोकला.

तिनं त्याला तिथून उठवलं आणि थेट परभणीच्या गाडीत बसवलं.

नागनाथचा खोकला हळूहळू थांबला, रिपोर्ट निगेटिव्ह आला. मधे किडनी जरा कुरकुरली, पण सावरली. दत्तरावचा खोकला बिडीचा निघाला. सुलाबाईनं मात्र त्याचाही रिपोर्ट डॉक्टरकडून दोनदा वाचून घेतला.