पाच नंबरचा ट्रम्पेट

तिला घरी सगळे फुंकणीच म्हणत. सात वर्षांची असताना मामाचा जुना ट्रम्पेट हाती लागला आणि तिने घर डोक्यावर घेतलं, तेव्हा आईने ठेवलेलं हे नाव. पुढे तीच फुंकणी शहराच्या वाद्यवृंदात ट्रम्पेटच्या पहिल्या खुर्चीवर बसली आणि एकोणीस वर्षं तिथून हलली नाही.

मग एका सकाळी तालमीत, वरचा सूर लावताना, तिच्या ओठात सुतळी तुटावी तसं काहीतरी तुटलं. स्नायू फाटला होता. डॉक्टरांनी तो शिवला आणि म्हणाले, "बोलाल, जेवाल, हसाल. पण वाजवण्याचं मनातून काढून टाका." सहा महिन्यांत खुर्ची दुसऱ्याकडे गेली.

ती घरी कपाट आवरत बसायची. रोज तेच कपाट. शेवटी नवरा म्हणाला, "कपाटाला आता तुझी धास्ती बसली असेल. शिकव ना कुणाला तरी!"

एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात तिने दर मंगळवारी संध्याकाळी पितळी वाद्यं शिकवायला सुरुवात केली. तिघं आली: निवृत्त पोस्टमन, दातांचे एक डॉक्टर आणि लाँड्री चालवणाऱ्या बासष्ट वर्षांच्या काकू. काकूंनी पहिल्याच फुंकीला असा आवाज काढला की दातांचे डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकले.

"बाई, वरचा सूर येईना," काकू म्हणाल्या. "ओठावर दाबून धरू का?"

"छे, दाबायचं नाही," ती म्हणून गेली. ती स्वतः आयुष्यभर दाबतच आली होती. जोर लावायचा, सूर खेचून आणायचा. शेवटी ओठानेच हात टेकले. मग न दाबता सूर काढायचा कसा? तिलाच ठाऊक नव्हतं.

म्हणून तीही वर्गाबरोबर शून्यापासून शिकू लागली. आधी श्वास, मग आरशासमोर दोन बोटांत धरलेला नुसता माउथपीस. ओठ शिवणाऱ्या डॉक्टरांना विचारून रोज पाच मिनिटं, मग दहा. कधी पोस्टमनचा सूर तिच्याआधी लागायचा आणि ते मिशीत हसायचे. अशी दोन वर्षं गेली. एका मंगळवारी काकूंना दाखवता दाखवता तिचा वरचा सूर लागला. कळ नाही, ओढाताण नाही, सरळ, स्वच्छ.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "हा होता तुमच्याकडे, तर इतके दिवस लपवलात कशाला?"

त्याच वर्षी पहिली खुर्ची रिकामी झाली. निवड पडद्याआडून व्हायची. वाजवणाऱ्याचं नाव नाही, फक्त नंबर. तिचा नंबर पाच. परीक्षकांनी तिला तीनदा वाजवायला लावलं. मग आवाज आला, "पाच नंबर, बाहेर या."

ती पडद्यामागून आली आणि वाद्यवृंदाचे संचालक उठून उभेच राहिले. "तुम्ही? आम्हाला वाटलं, कुणी पंचविशीतलं असेल! हा आवाज तुमचा नाही."

"माझाच आहे. नवीन आहे," ती म्हणाली. "आणि एक अट आहे. मंगळवारी संध्याकाळी तालीम नको. माझा वर्ग असतो."

"इथे अटी आम्ही घालतो, बाई."

"घाला की. मी माझी घातली."

संचालक हसले आणि त्यांनी वेळापत्रकातला मंगळवार खोडला.

पहिल्या कार्यक्रमात तिचा शेवटचा सूर सभागृहाच्या छतापर्यंत गेला आणि तिथेच रेंगाळला. टाळ्यांसाठी सगळ्यांत आधी उठल्या त्या तिसऱ्या रांगेतल्या लाँड्रीच्या काकू. शेजारच्या अनोळखी गृहस्थांचा खांदा हलवत त्या सांगत होत्या, "आमच्या बाई आहेत त्या! आमच्या!"