आईची जीभ भाजली

“सुपाला एवढे पैसे? सोनं घोटून घालतात का यात?” मेन्यूकार्ड हातभर लांब धरून बाबा म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वळून पाहिलं.

“हळू बोला हो,” आई पुटपुटली.

“हळू बोललं की स्वस्त होतं का?”

बाबांनी आयुष्यभर पंप दुरुस्त केले. समोर काहीही आलं की ते आधी मनातल्या मनात खोलून बघतात. सूपही त्यांनी खोललं. “पाणी, भाजी, मीठ, मिरपूड. घरी पातेलंभर होईल.”

होईल की. करणार कोण, तेवढं ते सोयीस्करपणे विसरले.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून आई नुकतीच निवृत्त झाली होती. काय हवं विचारलं, तर म्हणाली, “एकदा बाहेर जेवू या. बसून.” त्यातल्या ‘बसून’कडे तेव्हा माझं लक्षच गेलं नाही. बाबांनी मात्र निघतानाच बजावलं होतं, “हे पहिलं आणि शेवटचं.”

सुपाचं भांडं आलं. आईने सवयीने डाव उचलला, बाबांना वाढलं, मला वाढलं आणि स्वतःचा वाडगा रिकामाच ठेवून आमच्या तोंडाकडे बघत बसली. कुणाला आणखी लागलं तर असावं म्हणून.

तिच्याच वयाचा वाढपी जवळ आला. त्याने डाव तिच्या हातातून अलगद काढून घेतला.

“ताई, माझी नोकरी घालवता का?”

“अहो, यांचं होऊ दे आधी...”

“यांचं छान चाललंय. तुम्ही घ्या, गरम आहे तोवर.” त्याने तिचा वाडगा काठोकाठ भरला.

आईने चमचा भरून थेट तोंडात घातला. “आई गं!” तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

“अगं, फुंकर नाही का मारायची? सगळा जन्म चुलीपुढे काढलास आणि...”

बाबा मध्येच थांबले. माझाही चमचा हातातच राहिला. वसतिगृहातल्या पोरींना गरम वाढून, मग घरी आम्हाला गरम वाढून, शेवटी ओट्याशी उभ्याने ती जेवायची. तोवर सगळं गारढोण. फुंकर मारायची वेळ तिच्यावर आली होती कधी?

“कसलं झकास गरम आहे हो!” जिभेला वारा घालत आई हसत सुटली.

मग तिने आणखी एक वाडगा मागून घेतला. प्रत्येक चमच्याला गाल फुगवून, मन लावून फुंकर.

बिल आलं. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मी पर्स उघडली, तर त्यांनी नुसत्या डोळ्यांनी मला थांबवलं.

“या पुन्हा,” दाराशी वाढपी म्हणाला.

“महाग आहे तुमचं,” बाबा म्हणाले. दोन पावलं पुढे गेले आणि परत वळले. “गर्दी कोणत्या वारी कमी असते हो?”

आई केव्हाच रस्त्याला लागली होती. भाजलेली जीभ टाळूवर फिरवत, गोळी चघळावी तशी.