जाळीखालचं पाणी

"खाली बघू नकोस. माझ्या पाठीकडं बघ."

चिगुसाच्या कानांत तो आवाज अजून होता. वेलींचा झुलता पूल, फळ्यांच्या फटींतून फेसाळणारी नदी, आणि पुढे पाठीवर सरपणाची मोळी घेतलेले बाबा. ती पाठ बघत बघतच ती शाळेला गेली, मोठी झाली, शहरात जाऊन पूल बांधणारी इंजिनिअर झाली.

वेलींचा पूल पुरात गेला. आता त्याच जागी तिचा पोलादी पूल उभा होता. नदीत एकही खांब नाही; या काठावर तुकडे जोडत, हळूहळू त्या काठाकडं ढकलत नेलेला. पूल हलका राहावा म्हणून पायाखाली सलग पत्रा नाही, पोलादी जाळी. वारा आरपार, बर्फ आरपार. लांबून बघावं तर धुक्यावर कुणी रेघ ओढावी तसा.

उद्या उद्घाटन. नव्या पुलावरून आधी एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या जोडप्यांनी चालायचं, ही रीत. मान गावातल्या ताने आजींच्या घराला होता. पण सकाळीच निरोप आला, आजींचा गुडघा धरलाय. मग वरच्या आळीतलं घर ठरलं, तर तिथल्या आजोबांना पडसं झालं.

चिगुसा ताने आजींकडं गेली. आजी शिडीवर चढून युझूची लिंबं तोडत होत्या.

"आजी, गुडघा?"

"अगं बाई, तू होय!" आजी लगबगीनं उतरल्या आणि उतरल्यावर लंगडू लागल्या. "ठणकतो बघ मधूनच."

"पूल आवडला नाही का?"

"असं कसं? किती देखणा झालाय! घे, लिंबं घेऊन जा."

दोन्ही हात लिंबांनी भरून ती परतली, पण जिवाला चैन पडेना. दवाखाना पलीकडच्या काठाला. म्हाताऱ्यांनीच पाऊल टाकलं नाही तर हा पूल कुणासाठी? हलतो की काय? ती पुलावर धावली, मधोमध उड्या मारल्या, कान लावून ऐकलं, बोल्टांवरून हात फिरवला. पोलाद गार, गप्प. कुठं काही कुरकुरलं नाही. लिंबं मात्र कठड्यापाशी तशीच विसरली.

बाबा ओसरीला मुळ्यांच्या माळा टांगत होते.

"बाबा, लोक माझ्यापासून काय लपवतायत?"

"कोण कशाला लपवेल? ती दोरी दे."

"पूल बांधायच्या आधी गावच्या सभेत मी नकाशा दाखवला, सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानंही काही विचारलं नाही."

"आपली पोर शिकून आली, तिला भरसभेत कोण आडवं जाणार?" बाबांनी गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली.

"मग तुम्ही चला. आत्ता. माझ्याबरोबर."

"मुळे राहिलेत."

"मुळे कुठं पळून जात नाहीत!"

बाबा निघाले. वाटभर हवेवर बोलले, रानडुकरांवर बोलले, पुलावर मात्र अक्षर नाही. पुलाच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी कठडा धरला, रबरी बुटातला एक पाय जाळीवर ठेवला, आणि चटका बसावा तसा मागं घेतला.

"थांब, नाडी सुटली."

चिगुसानं खाली बघितलं. "बाबा, या बुटांना नाडीच नाहीये."

बाबा हसले नाहीत. कठड्यावरची बोटं पांढरी पडली होती. जाळीखाली नदी घुसळत होती, हिरवी, पांढरी, पुन्हा हिरवी. चिगुसानं पहिल्यांदाच ती बाबांच्या डोळ्यांनी बघितली, आणि तिचाही हात कठड्याकडं गेला.

"खाली पाणी दिसतं गं," बाबा म्हणाले. "पाऊल उचलत नाही. तानेचंही नाही, कुणाचंच नाही. सांगायचं कुणी तुला?"

"पण तुम्ही तर त्या वेलींवरून, मोळी घेऊन..."

"तेव्हाही भ्यायचोच. रोज. तुझ्यापुढं माझी पाठ तरी होती, चिगुसा. माझ्यापुढं कुणीच नव्हतं."